कोर्टाच्या झाडाचा नारळ

नादार माणूस चोर नसतो. हे आधी लिहून टाकतो, कारण अंकाचे संपादक गुरुजी मला म्हणाले, "दिवाळं निघालेल्या लोकांच्या गमती लिहा." गमती आहेत. पण ज्याचं दिवाळं निघालं त्याला त्यात गंमत वाटलेली मी कधी पाहिली नाही, आणि मी अशी माणसं पुष्कळ पाहिली.

माझं शिक्षण सातवी. पाच पानं लिहायची म्हणजे मला घाम फुटतो. घरात बोलायला कोणी नाही म्हणून लिहायला बसलो, हेही खरं. आमची मंदा गेली त्याला वर्ष होत आलं. मी कोर्टातनं आलो की ती चहा टाकता टाकता विचारायची, "आज कोण?" म्हणजे आज कोणाचं घर बघून आलात. मग मी सांगायचो. माझी सगळी नोकरी तिला तोंडी सांगून झाली आहे. आता ऐकणारी नाही, म्हणून तुमच्या गळ्यात मारतो. रडगाणं मला जमत नाही, तेव्हा ते एवढंच.

मी रत्नागिरीच्या कोर्टात शिपाई म्हणून लागलो आणि बेलिफ म्हणून सुटलो. बेलिफ म्हणजे कोर्टाचे पाय. जज्जसाहेब खुर्चीत बसून हुकूम लिहितात, आणि तो हुकूम लोकांच्या दारापर्यंत नेतो तो बेलिफ. समन्स द्यायचं, जप्ती करायची, दाराला सील ठोकायचं. मी आलेला कोणाला आवडत नसे. संगमेश्वरच्या बाजूला एका म्हातारीने मला लांबून बघितलं आणि ओटीवरच्या कोंबड्या पटापट आत घेतल्या. मी तिच्या शेजाऱ्याकडे चाललो होतो. "आजी, तुमचं काही नाही," म्हटलं, तर म्हणते, "आज नाय. पन तुमी घर बघून ठेवलाव ना!"

आता नादारी म्हणजे काय ते सांगतो. वकिलांची भाषा मला येत नाही, साधंच सांगतो. माणूस धंद्यात बुडतो. दहा जणांचं देणं असतं आणि खिशात एकाचंही नसतं. रोज कोणीतरी दारात उभं. तेव्हा तो कोर्टात येऊन म्हणतो, माझं जे काय आहे ते घ्या, सगळ्यांत वाटा आणि मला मोकळा करा. जज्ज चौकशी करतात. खरोखर बुडालाय असं पटलं की त्याला नादार ठरवतात. त्या घटकेपासून घर, जमीन, झाडंमाडं त्याची राहत नाहीत. ती सांभाळायला कोर्ट एखादा माणूस नेमतं, आणि कोणी नेमला नाही तर सगळं कोर्टाच्याच ताब्यात येतं. मग ते विकायचं आणि येणेकऱ्यांना, म्हणजे ज्यांचं येणं आहे त्यांना, ज्याच्या त्याच्या हिश्शाने द्यायचं. शेवटी जज्ज त्याला सोडतात. जा, आता नव्याने जग.

हे काम नीट केलेलं बघायचं असेल तर आमच्या बाई जज्ज बघायला हव्या होत्या. विदर्भातल्या होत्या. आमच्याकडे बदलून आल्या तेव्हा त्यांना नारळ सोलायची विळी आणि साधी विळी यातला फरक माहीत नव्हता. आम्ही त्यांनाही साहेबच म्हणायचो. साहेब म्हणाल्या, साहेब आल्या, असं. मला त्या मामा म्हणायच्या. आवाज कधी चढवला नाही. प्रश्न एवढासा विचारायच्या आणि मग गप्प बसायच्या. त्या गप्प बसण्याला वकील घाबरायचे.

पहिल्याच उन्हाळ्यात एक माणूस नादारीचा अर्ज घेऊन आला. शर्टाला ठिगळ, पायात काही नाही. उत्पन्न काही नाही, बाग नाही, झाड नाही. डोळ्यात पाणी. त्याच्या गालावर आणि मानेवर काळे चट्टे होते. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं ते काय. आंबा काढताना देठातनं चीक उडतो आणि कातडी भाजते. साहेबांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी आपली चौकशी केली.

"तुमच्या तोंडाला काय झालं?"

"चीक उडला साहेब, आंब्याचा."

"कोणाचा आंबा?"

आता तो सावध झाला. "दुसऱ्याच्या बागेत मजुरीला गेलो होतो."

"मजुरी मिळाली असेल. अर्जात तर उत्पन्न काहीच लिहिलेलं नाही."

"फुकट गेलो होतो. मित्राची बाग."

"मित्राचं नाव सांगा. त्यालाही बोलावू."

साहेब गप्प बसल्या. त्या माणसाने वकिलाकडे बघितलं, वकिलाने पंख्याकडे. बाग मेव्हण्याच्या नावावर केलेली निघाली. अर्ज फेटाळला. दुपारी साहेबांनी मला विचारलं, "मामा, तो चीक एवढा भाजतो?" मी म्हटलं, "भाजतो, पण एवढा कोणाला भाजलेला मी आजच बघितला."

दुसरा होता पावसकडचा एक केटरर. लग्नाच्या हंगामात त्याचा धंदा आपटला. कायद्यात असं आहे की बुडालेल्या माणसाचंही काही ठेवायचं असतं. नेसूचे कपडे, अंथरूण, घरची स्वयंपाकाची भांडी, बायकोच्या गळ्यातलं मंगळसूत्र आणि कारागिराची हत्यारं. त्याला कोर्ट हात लावत नाही. ह्याचा वकील उठून म्हणाला, माझ्या पक्षकाराची सगळी भांडी स्वयंपाकाचीच आहेत. मी ती भांडी बघून आलो होतो. त्यातल्या एका टोपात आमचा कारकून मांडी घालून बसला असता.

साहेबांनी विचारलं, "घरात जेवणारी किती?"

"पाच जण."

"सगळ्यात मोठा टोप चुलीवर कोण चढवतं?"

"चौघं मिळून चढवतो, साहेब."

कोर्ट हसलं. साहेब हसल्या नाहीत. पाच जणांपुरती भांडी ठेवा, बाकी विका, म्हणाल्या. तो माणूस खरोखरच रडायला लागला. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः रांधता, की माणसं ठेवून रांधून घेता?"

"मीच रांधतो. पोरवयापासून आचारी हाय मी."

"डाळ खालून लागली तर काय करता?"

तो रडायचा थांबला. "आधी उतरवायची. ढवळायची नाय, साहेब! माणसं तिथेच चुकतात. वरची वर दुसऱ्या टोपात काढायची, खालच्याला हात लावायचा नाय..." वकील त्याचा सदरा ओढतोय, आणि हा फोडणीपर्यंत पोचला. साहेबांनी त्याला बोलू दिलं आणि मग लिहिलं, की हा माणूस कारागीर आहे, एक मधला टोप, एक कढई, शेगडी आणि झारे ही त्याची हत्यारं आहेत, ती त्याच्याकडेच राहतील. आमच्या मुलीच्या लग्नात जेवण त्याचंच होतं. पैसे मोजून दिले, हे लिहून ठेवतो. डाळ करपली नाही.

पण मला सांगायचंय ते विष्णूचं.

पालीच्या पुढे कोल्हापूरच्या रस्त्यावरनं आत गेलं की एक गाव लागतं. नाव लिहीत नाही. तिथे विष्णू नावाच्या माणसाची चिरेखाण होती. जांभा दगड कापून काढायचा, त्याचे चिरे, घरं बांधायला. चांगला चालला होता. त्याचं स्वतःचं घर त्याच खाणीच्या पहिल्या चिऱ्यांचं, बघायला माणसं थांबत. मग त्याने मोठी यंत्रं घेतली, दुसरी खाण घेतली, आणि खाली दगड निघेना. भुसभुशीत निघाला, हाताने चुरडला तर चुरडायचा. दोन वर्षांत सगळं बुडालं. घर वाचलं नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे शेवटापर्यंत वाट बघायला नको. कायद्यात ते वाचण्यासारखं नव्हतं आणि साहेबांनी कायदा वाकवला नाही. गोष्ट घराची नाहीच. त्या घराच्या दाराची आहे.

विष्णूच्या येणेकऱ्यांत मोठा होता अनंत मानकरी. त्याच गावचा. गावातली माणसं त्याला अंतूभाऊ म्हणायची. ट्रकवाला. विष्णूचा चिरा वर्षानुवर्षं त्याच्या ट्रकातनं गेला आणि शेवटचं भाडं बरंच राहिलं. अंतूने कोर्टात तक्रार केली की विष्णूच्या घरातलं यंत्रांचं सामान हळूहळू गायब होतंय. होतही होतं, विष्णूचा एक पुतण्या ते भंगारात विकत होता. साहेबांनी घराला सील लावायचा हुकूम केला. विष्णू, त्याची बायको आणि मुलगी समोरच्या चुलत्याच्या पडवीत राहायला गेली. सील मी लावलं. अंगणात एक माड, एक तुळस, आणि दाराला माझी लाख. विष्णू बाजूला उभा होता.

त्या दिवशी मंदाला सांगितलं तेव्हा ती चहाचं भांडं हातात धरून उभीच राहिली. म्हणाली, "मग शिमग्याला काय करणार ती माणसं?"

"काय करणार म्हणजे?"

"पालखी काय तुमच्या लाखेला भेटणार?"

बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवीची पालखी देवळातनं बाहेर पडते आणि घरोघर जाते. वर्षातनं एकदा देवी आपल्या दारात येते. घरातली बाई तिची ओटी भरते, गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे त्या घराच्या वतीने देवीकडे मागणं मागतो, आणि पालखी पुढच्या घरी. मुंबईला नोकरीला असलेली माणसं कशीही करून येतात. ज्या घरात पालखी गेली नाही ते घर गावात असून नसल्यासारखं.

मी म्हटलं, "कोर्टाला शिमगा नसतो."

मंदा म्हणाली, "मग घर कशाला घेतलंत? घर घेतलंत की त्याचा शिमगा पण आला."

मी तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि कपात चहा ओतला.

शिमगा जवळ आला तशी गावात बैठक झाली. प्रश्न पडला की घर आता कोर्टाचं, मग तिथे पालखी नेली तर मान कोणाला? देवीपुढे उभं कोण राहणार? भावकीतल्या काही जणांनी सरळ सांगितलं, यंदा ते घर सोडून पुढे जायचं. एक जण म्हणाला, "न्यायची तर न्या, पन ओटी भरायला जज्जीनबाईला बोलवा." लोक हसले म्हणे. विष्णू उठून निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात अर्ज घेऊन हजर. पालखीपुरतं घराचं दार उघडून मिळावं.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "पालखी अंगणात थांबली तर चालणार नाही का? दार बंद राहिलं तरी अंगण मोकळंच आहे."

विष्णू साधा माणूस. हात जोडून उभा होता. म्हणाला, "साहेब, बंद दारासमोर पालखी थांबत नाय. घरात कोन मेला आसंल, सुतक आसंल, तरच दार बंद आसतं. आमी तर जिते हाव."

साहेबांनी अर्ज खाली ठेवला.

मग अंतू मानकरी उठला. वकिलाने त्याला खाली बसवायचा प्रयत्न केला, पण तो बसणाऱ्यातला नव्हता. "साहेब, माजा इरोध हाय. दार उघडलं की शंभर मानसं आत घुसनार. कोन कायकाय उचलून न्येईल त्याचा पत्ता लागायचा नाय. माजं पैसं आदीच बुडलं, आता सामान पन जाऊ दे?"

"तुम्ही गावात काय करता?"

"ट्रक हायत माजे. आनि देवीचा मानकरी हाय. पालखीला पयला खांदा आमच्या घराचा."

"म्हणजे पालखी ह्या घरात गेली तर तुम्ही आत असणार."

"आसनारच. मी नाय तर पालखी उचलनार कोन?"

"मग तुमच्याइतकं लक्ष दुसरं कोण ठेवील? पंच म्हणून तुमचंच नाव घालते. काही गेलं तर तुम्हालाच विचारीन."

अंतू बसता बसता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्यो बरा न्याय! खांद्यावर देवी आनि डोळं विष्णूच्या कपाटावर!"

साहेबांनी तिथेच हुकूम सांगितला. मी आयुष्यात शेकडो हुकूम ऐकले, त्यातला हा एक मला पाठ आहे. एका वकिलाकडनं पुन्हा वाचून घेतला होता. घर कोर्टाच्या ताब्यात आहे आणि राहील. परंतु देवीला दारात बोलावण्याचा मान ही विकता येण्यासारखी वस्तू नाही, तिचे येणेकऱ्यांत हिस्से पडत नाहीत, म्हणून ती ह्या नादारीत आलेलीच नाही. ती अर्जदाराची होती आणि अर्जदाराकडेच आहे. टाइप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. त्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाल्या, "लिहा. बरोबर ऐकलंत." पुढे अटी. बेलिफाने दार उघडायचं, पालखी जाईपर्यंत उभं राहायचं, काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही, आणि पुन्हा सील लावायचं.

पालखीच्या दिवशी मी लवकरच पोचलो. सील काढलं. विष्णूच्या बायकोने उंबरठा धुतला, रांगोळी काढली. लाखेचे तुकडे पायरीवर पडले होते, तेही तिने झाडून काढले. विष्णू धोतर नेसून दारात उभा राहिला. घर सोडल्यापासून त्या पायरीवर तो पहिल्यांदाच चढत होता. वरच्या पायरीवर उभं राहू की खालच्या, असं मलाच विचारलंन. मी म्हटलं, "हुकुमात तुम्हीच घरचे. वर उभे राहा."

ढोल वाजत पालखी आली. गुलाल, माणसं, मुंबईच्या पोरांचे मोबाईल वर धरलेले. पहिल्या खांद्याला अंतू. तो खरोखरच मान वळवून वळवून घराच्या आत बघत होता. पालखी अंगणात आली, आणि तिथे अडली ती नारळावर.

त्या गावात असा रिवाज आहे की ज्याच्या अंगणात माड आहे त्याने देवीच्या ओटीत घरच्या माडाचाच नारळ घालायचा. विष्णूने बिचाऱ्याने दुकानातनं आणला होता. गुरवाने तो हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाला, "विष्णू, माड दारात उभा आनि ईकतचा नारळ? ह्यो देवीला कसा चालंल?"

विष्णू माझ्याकडे बघायला लागला. मग गुरव बघायला लागला. मग सगळं अंगण. मी म्हटलं, "माड कोर्टाचा आहे. हुकुमात दार आहे, माड नाही."

कोणीतरी शिटी मारली. एक म्हातारी काठी आपटत पुढे आली, विष्णूची कोणी काकी. "ओ बेलिफ, येका नारळानं तुमचं कोरट बुडतंय काय?"

"नाही बुडत, काकी. पण आज नारळ काढू दिला तर उद्या कोणीतरी घराचा वासा काढील आणि माझंच नाव सांगेल."

"मेल्या, देवी उन्हात उभी हाय!"

मला ते दिसत होतं. पण मी नेमून दिलेल्या कामाला गेलो होतो, दानधर्माला नव्हे. ढोलवाल्यांनी ढोल थांबवले. पाठीमागचे म्हणायला लागले, चला, पुढच्या घरी चला. विष्णू वरच्या पायरीवरनं खालच्या पायरीवर आला. त्याच्या बायकोने ताट खाली ठेवलं. तेवढ्यात पालखीच्या दांड्याखालनं अंतू ओरडला, "माज्या नावावर लिवा!"

मी म्हटलं, "काय लिहू?"

"नारळ! मी येनेकरी हाय का नाय? ईकून पैसं येनार त्यातला माजा हिस्सा हाय का नाय? मग माज्या हिश्शातनं येक नारळ कमी करा. कोरटाचा नारळ मी घेतला, आनि मी ह्येला दिला. आता बोला!"

असलं मी कधी ऐकलं नव्हतं. मनातल्या मनात उलटसुलट करून बघितलं. चोरी नव्हती. फुकट नव्हतं. येणेकऱ्याला त्याच्या येण्यातलंच मिळत होतं. मी म्हटलं, "पंचनाम्यात लिहीन. साहेबांनी मानलं नाही तर किंमत तुम्ही भरायची."

"भरीन! आदी कोनालातरी वर चढवा, माजा खांदा निखळला!"

मुंबईहून आलेला एक जण पँट वर करून माडावर चढला. नारळ खाली पडला तेव्हा ढोल आपोआप सुरू झाले. विष्णू पुन्हा वरच्या पायरीवर गेला. पालखी आत गेली, माजघरात बसली. विष्णूच्या बायकोने ओटी भरली. थोडे तांदूळ खाली सांडले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "माये, आज ह्या विष्णूच्या घरात तू आलीस, त्यानं तुजी सेवा केलान ती गोड मानून घे. जी काय आडचन आली आसंल ती दूर कर." सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!" गुरव थांबला, माझ्याकडे तिरका बघून म्हणाला, "आनि ज्या कोरटानं ह्यं दार उघडून दिलान, त्या कोरटाची पन राखन कर!" सगळं घर एका आवाजात, "होय म्हाराजा!" मीही म्हणालो. ड्यूटीवर होतो तरी म्हणालो.

मग पालखी गेली आणि घर रिकामं झालं. आतलं सामान मी आणि अंतूने यादीशी ताडून बघितलं. काही गेलं नव्हतं. आता सील लावायचं. वारा सुटला होता, माझी काडी पेटेना. पेटली की विझायची, लाख काही वितळेना. विष्णूची बायको आरतीचं ताट घेऊन पडवीकडे चालली होती, ती परत फिरली. ताटातलं निरांजन तिने माझ्यापुढे धरलं, दुसऱ्या हाताने वारा अडवला. मी त्यावर लाख वितळवली आणि तिच्याच दाराला सील लावलं. विष्णूने कुलूप ओढून बघितलं. "नीट बसलं," म्हणाला.

घरी आलो तर मंदा दारातच उभी. सगळं सांगितलं. नारळाशी आलो तेव्हा ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसली, डोळ्यातनं पाणी येईपर्यंत. "मानकऱ्याने बरा केलान तुमचा कायदा," म्हणाली. निरांजनाचं सांगितलं तेव्हा मात्र उठून आत गेली. ते हसणं मला अजून स्वयंपाकघरातनं ऐकू येतं. असो.

दुसऱ्या दिवशी पंचनामा साहेबांपुढे ठेवला. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी तो वाचला, परत वाचला.

"मामा, नारळ ओला की सुका?"

"झाडावरनं काढलेला, साहेब. देवीला दिला."

"बाजारात आज काय भाव आहे, विचारून या."

मी गेलो आणि विचारून आलो. त्यांनी तो भाव कागदाच्या कडेला लिहिला. मग मान वर न करता म्हणाल्या, "गाऱ्हाण्यात कोर्टाचं नाव घेतलं असं लिहिलंय तुम्ही. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"होय म्हाराजा म्हणालो, साहेब."

"कोर्टाच्या वतीने?"

"ते ठाऊक नाही साहेब. तोंडातनं गेलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरं झालं. नाहीतर ते म्हणायला मला जावं लागलं असतं," म्हणाल्या, आणि पुढची फाईल उघडली.

पुढे घराचा लिलाव झाला. मुंबईच्या एका माणसाने घेतलं. साहेबांनी विष्णूला मोकळा केला. आता तो दुसऱ्याच्या खाणीवर मुकादम आहे. चुलत्याने दिलेल्या तुकड्यावर पत्र्याचं घर बांधलंय, त्याला दार आहे, आणि शिमग्याला ते उघडं असतं.

वाटणीच्या दिवशी सगळे येणेकरी कोर्टात आले होते. विष्णू मागच्या बाकावर, मुलीला शेजारी घेऊन. साहेब एकेक नाव वाचत होत्या, कोणाला काय येणार ते सांगत होत्या. अनंत मानकऱ्याची पाळी आली. साहेबांनी त्याचा हिस्सा वाचला आणि त्याच आवाजात पुढे वाचलं, "वजा, नारळ एक."

सगळे हसले. अंतू उठला. कानामागे खाजवत म्हणाला, "साहेब, येवढं कशाला लिवलाव? येका नारळाचं काय! सोडून द्या की."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मी सोडला तर तो कोर्टाने दिलेला होईल. तुम्ही दिलेला राहणार नाही. सोडू?"

अंतूने मागे वळून बघितलं. विष्णू खाली मान घालून बसला होता, त्याची मुलगी मात्र सरळ अंतूकडे बघत होती.

"नको साहेब," अंतू म्हणाला. "वजाच करा."

आणि पुढे येऊन त्याने सही केली.